हॉलमध्ये मराठी बोलू नये

माणूस बसमध्ये कुठं बसतो आणि कसा बसतो यावरून तो कसा आहे हे मला ओळखता येतं, असा माझा समज होता. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केल्यावर असे समज होतातच. तो समज माझ्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूनं मोडीत काढला.

त्याचं नाव बिभीषण. वाळूजला गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत तो मशीनवर आहे. मूळचा कन्नड तालुक्यातला, घाटाजवळच्या गावचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्या घरात आयटीआय करणारा तोच पहिला. सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाही आणि गल्लीच्या टोकाला गिरणीवर दळण न्यायचं तरी हेल्मेट घालतो. बायको प्रांजली आणि साडेतीन वर्षांची मुलगी ज्ञानेश्वरी. असा भाडेकरू मिळायला नशीब लागतं, असं मी माझ्या बायकोला, आशाबाईला, सांगत असे.

मागच्या श्रावणात पाण्याच्या मोटरीचं विचारायला मी वर गेलो. वर दोनच खोल्या, हॉल आणि किचन. त्या दोन्हींच्या मधोमध, माझ्या फरशीवर, दोन इंच रुंद पिवळी टेप चिकटवलेली होती. कारखान्यात मशीनच्या भोवती लावतात तशी. अलीकडच्या भिंतीवर कागद होता, 'इंग्रजी विभाग'. पलीकडं फ्रिजवर दुसरा, 'मराठी विभाग'.

"वेलकम काका. सिट," बिभीषण म्हणाला.

"अरे, ती मोटर..."

त्यानं तोंडावर बोट ठेवलं, माझा हात धरून मला रेघेपलीकडं नेलं आणि तिथं पाय टेकताच मोकळा श्वास घेऊन म्हणाला, "हां काका, आता बोला. काय झालं मोटरीला?"

झालं होतं असं, की कंपनीनं कामगारांच्या कुटुंबांसाठी एक कार्यक्रम ठेवला होता. तिथं पुण्याहून आलेल्या बाईंनी भाषण केलं, की लहान वयात मुलं दोन भाषा सहज उचलतात, फक्त घरात प्रत्येक भाषेला तिची जागा द्या. बाईंना काय म्हणायचं होतं ते बाई जाणोत. बिभीषणनं ऐकलं ते कंपनीच्या कानानं. त्याच्या कंपनीत पाना असो की झाडू, प्रत्येकाला जागा ठरलेली, आणि त्या जागेवर त्याचं चित्र काढलेलं. वस्तू जागेवर नसली की साहेब लाल कागद चिकटवतो. अशा शिस्तीच्या सूचना दिल्याबद्दल बिभीषणला दोनदा बक्षीस म्हणून स्टीलचे डबे मिळालेले. सुपरवायझरची जागा मात्र दोनदा हुकली होती. का हुकली ते तो कधी सांगत नसे.

"पोरीचं असं व्हायला नको काका," एवढंच म्हणाला.

आता या माणसाला इंग्रजी कितपत येत होतं? वहीत लिहिलेली चाळीस वाक्यं. तीही सगळी कंपनीतली. त्यामुळं हॉलमध्ये बापलेकीचा संवाद चाले तो असा, की "वेअर गॉगल", "कीप एरिया क्लीन", "डू नॉट टच". पोरगी हुशार. महिन्याभरात तिनं ते सगळं उचललं. दूध आवडलं की ती म्हणे, "मटेरियल ओके". साय आली की "रिजेक्ट". खेळताना पडता पडता वाचली, की उठून आधी आईला बघे आणि गंभीरपणानं सांगे, "निअर मिस". मांजर हॉलमध्ये आलं तर "नो एंट्री" आणि किचनमध्ये गेलं तर "ये गं मने, दूध पी". मांजरालाही हळूहळू किचनच आवडू लागलं.

माणसांचंही तेच झालं. मालिका मराठी म्हणून टीव्ही किचनमध्ये आला आणि फ्रिजवर चढला. पाहुणे आले की दोन मिनिटं हॉलमध्ये "सिट, वॉटर, फॅन" एवढं होई, मग प्रांजली सगळ्यांना आत बोलावी. एकदा तिचे चार भाऊ गॅस आणि मोरीच्या मधल्या जागेत मांडीला मांडी लावून जेवले आणि एवढा मोठा हॉल बाहेर रिकामा. नवराबायकोचं भांडण हॉलमध्ये पेटलं तर ते पुढं चालवायला दोघांना किचनमध्ये जावं लागे. तेवढ्यात निम्मा राग उतरे. प्रांजलीला हे पटलं होतं.

"मला काय काकू, मी तशीबी किचनमधीच असते," ती आशाबाईला म्हणायची. "माझं राज्य मराठी. त्यांना त्यांचं ओसाड राज्य लखलाभ."

दिवाळीनंतर बिभीषणचे वडील मल्हारराव मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले. उंच माणूस, डोक्याला लाल पटका, ऑपरेशननंतर डोळ्यावर दवाखान्याचा काळा चष्मा. गावी त्यांचा कळप आता त्यांचाच धाकटा भाऊ खंडेराव सांभाळतो. त्यांची खाट टाकली हॉलमध्ये, कारण किचनमध्ये पाय पसरायला जागा नव्हती. बिभीषणनं त्यांना नियम समजावून सांगितला. ते सांगायला आधी त्यांना किचनमध्ये न्यावं लागलं.

"म्हंजी मी खाटंवर मुका का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मुके नाय आबा. बोलायचं वाटलं की इकडं या."

"आन् रेघ दिसली नाय तर?"

यावर बिभीषणनं विचार केला आणि टेपेवर एक सुतळी चिकटवली, पायाला कळावी म्हणून. म्हणतात ना, आधीच उल्हास. त्यात फाल्गुन मास. म्हातारा दोनदा त्या सुतळीला अडखळला आणि पुढं खाटेवरून उतरायचंच सोडलं. दिवसभर हॉलमध्ये तोंड मिटून बसे. माझा संताप होत असे, पण भाडेकरूच्या घरात बोलणारा मी कोण.

मग मल्हाररावांनी वाट काढली. ते जीभ टाळूला लावून टक् टक् वाजवू लागले. पिल्लू मागं राहिलं की मेंढके वाजवतात तसं. मग ओठांनी लांब हुर्र, मग बारीक शीळ. ज्ञानेश्वरी खाटेखालून बाहेर आली आणि तिनंही टक् टक् केलं. तीन दिवसांत आजानाती हॉलमध्ये तासतासभर बोलू लागली. कोण कुठं गेलं, कोणाला भूक लागली, कोण रुसलं, सगळं त्यात येत होतं. बिभीषणनं वही उघडून बघितलं. हे मराठी नव्हतं, इंग्रजीही नव्हतं, आणि नियमात याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. त्यानं तात्पुरती परवानगी दिली.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. ती आधी मला खुपली. वर माझ्या डोक्यावर दिवसभर बडबडणारी ही पोर जिना उतरून आमच्या ओसरीवर आली की गप्प. आशाबाई मुरमुऱ्याचा लाडू दाखवी, नाव विचारी. पोर खाली मान घालून उभी. मला वाटलं ती मलाच भिते. माझा मुलगा सत्यम पुण्यात असतो. त्याचा लेक फोनवर मला "हाय आजोबा, बाय आजोबा" म्हणतो आणि त्या दोन शब्दांच्या मध्ये काहीच नसतं. आता घरातलं हे दुसरं लेकरूही माझ्यासमोर मुकं होतं. मला फार वाईट वाटलं. ते मी कुणाला बोललो नाही, मोटरीवरून बिभीषणला बोललो.

मग शाळेचा दिवस आला. पुढच्या जूनसाठी इंग्रजी शाळेत नाव घालायचं, त्याआधी मोठ्या मॅडम मुलांशी बोलून बघतात. ज्ञानेश्वरीला मॅडमनी इंग्रजीत विचारलं, हिंदीत विचारलं, शेवटी मराठीत विचारलं. पोर खाली बघत राहिली. मॅडम चांगल्या होत्या. म्हणाल्या, पंधरा दिवसांनी सोमवारी पुन्हा आणा. तेव्हाही बोलली नाही तर या वर्षी घेता येणार नाही, आणि कान मात्र तपासून घ्या.

कान ठणठणीत निघाले. बिभीषणनं फ्रिजवर मोठा कागद लावला. कंपनीत मशीन बिघडलं की पाच वेळा 'का' विचारतात, म्हणजे मुळाशी जाता येतं. पोरगी बोलत नाही. का? अनोळखी जागा. का? बाहेर नेत नाही. का? वेळ नाही. का? दोन शिफ्ट करतो. का? पाचव्या 'का'समोर त्यानं लिहिलं होतं, 'तिच्यासाठी'. तो कागद मी वाचला आणि त्या दिवशी मला त्याला रागवता आलं नाही.

मूळ सापडलं ते मल्हाररावांना. काळा चष्मा उतरल्यावर पहिल्यांदा ते जिना उतरून आमच्या ओसरीवर येऊन बसले. नात उभी होती, तिचे आईबापही होते. आशाबाई लाडू दाखवत होती. म्हातारा बराच वेळ बघत राहिला.

"पोर भीत नाय," ते म्हणाले. "भ्यालेलं जनावर वर बघतं, पळायला वाट कुठं हाय ते. ही खाली बघू राह्यली. खाली बघणारं जनावर काहीतरी हुडकत असतं. बिभीषण, तुझ्या त्या पिवळ्या पट्टीचा तुकडा आण."

तुकडा आणला. ओसरीवर चिकटवला. ज्ञानेश्वरीनं तो बघितला, तिचं तोंड एकदम फुललं, आणि ती टुणकन अलीकडं उडी मारून म्हणाली, "आजी, मला दोन लाडू दे. एक मनीला." मग पलीकडं उडी मारून माझ्याकडं बघून म्हणाली, "गुड मॉर्निंग. नो हेल्मेट. रिजेक्ट."

म्हणजे पोर मुकी नव्हती. तिला वाटत होतं, भाषा फरशीची असते. जिथं रेघ नाही तिथं कोणतं बोलायचं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून ती शहाण्यासारखी गप्प बसत होती. प्रांजलीनं तिला उचलून घेतलं आणि ओसरीवरच रडली.

"ती पट्टी आजच्या आज उपटा," ती नवऱ्याला म्हणाली.

शहाण्या माणसानं उपटली असती. बिभीषणनं आणखी सहा रिळं आणली. त्याचं म्हणणं, मशीन चांगलं आहे, फक्त मार्किंग अपुरं आहे, आणि सोमवारला दहाच दिवस उरलेत. मग त्यानं किराणा दुकानाच्या उंबऱ्यावर टेप लावली. रिक्षात दोन सिटांच्या मध्ये लावली. मारुतीच्या देवळात लावायला गेला, तेव्हा पुजारी बद्रीनाथबुवांनी विचारलं, "देव कोणत्या बाजूला धरायचा?" बिभीषणनं थोडा विचार करून सांगितलं, "देव दोन्हीकडं, पण प्रसाद मराठीत." शाळेलाही त्यानं अर्ज दिला, की मुलाखतीच्या खोलीत दोन इंची पट्टी लावण्याची परवानगी मिळावी, पट्टी स्वखर्चानं आणू. शाळेनं फरशी नवीन असल्याचं कारण देऊन अर्ज फेटाळला.

त्यावर त्यानं जो उपाय काढला, त्याला कंपनीत नक्कीच तिसरा डबा मिळाला असता. त्यानं पोरीच्या सँडललाच टेप लावली. डाव्या सँडलवर इंग्रजी, उजव्यावर मराठी. म्हणजे रेघ पोरीबरोबरच फिरणार. आता बोलायचं तर ज्या भाषेत बोलायचं त्या पायावर उभं राहायचं. पोर आमच्या अंगणात लंगडी घालत बोलू लागली. मराठीत ती गोष्टीवेल्हाळ, त्यामुळं उजवा पाय दुखायचा. इंग्रजी वाक्य चार शब्दांच्या पुढं गेलं की तोल जायचा. संध्याकाळी प्रांजली तिच्या पोटऱ्यांना तेल लावी आणि नवऱ्याशी दोन्ही विभागांत अबोला धरी.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी, रविवारी, खंडेरावाचा कळप गंगापूरच्या रस्त्याला एका वेचलेल्या कपाशीच्या रानात बसायला आला. शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घेतात, तसा. मल्हाररावांना नव्या डोळ्यांनी मेंढरं बघायची होती. आम्ही सगळे गेलो. बिभीषणनं सोबत फक्कीची पिशवी घेतली, मैदानावर रेघा मारायची पांढरी पूड. मातीवर टेप चिकटत नाही म्हणून. उद्याची तयारी करून घ्यायची होती.

सँडल काळ्या मातीत पहिल्याच मिनिटाला रुतले, ते प्रांजलीनं काढून पिशवीत टाकले. बिभीषणनं रानात सरळ रेघ मारली. शंभरेक मेंढरं आली आणि तिच्यावरून निघून गेली. रेघ गेली. त्यानं पुन्हा मारली. मेंढरं परत आली. तिसऱ्यांदा मारायला लागला तेव्हा मल्हारराव त्याच्याजवळ गेले. बाजूला मेंढरांभोवती लावायची जाळी, ज्याला ते वाघर म्हणतात, गुंडाळून ठेवलेली होती. म्हाताऱ्यानं काठीनं तिच्याकडं दाखवलं.

"ती कवा लावायची असती?"

"सांच्याला."

"कामून?"

"लांडग्यासाठी."

"आन् दिवसा लावली तर?"

बिभीषणनं फक्कीची मूठ भरली.

"दिवसा लावली तर मेंढरू चरंल काय?" म्हातारा म्हणाला. "उपाशी मरंल तिच्यात."

तेव्हा बिभीषण फुटला. फक्कीची पिशवी खाली टाकून तो वडिलांवर जवळजवळ ओरडला. "आबा, तुम्हाला नाय कळायचं. बाहेरदेशीचा साहेब आला व्हता. माझ्याच मशीनवर. त्यानं विचारलं गिअरचे दात कामून तुटतात. मला ठावं व्हतं. सगळ्या कंपनीत मला एकट्यालाच ठावं व्हतं. उत्तर माझ्या तोंडात व्हतं आबा. दुसऱ्यानं इंग्रजीत चुकीचं सांगितलं आन् तो सुपरवायझर झाला. मी नुसता रेघेच्या आत उभा."

"कोणत्या रेघेच्या?"

"मशीनभवती असती ना, पिवळी. साहेब बाहेर, मी आत."

म्हातारा काठीवर वाकला. मग हळू म्हणाला, "आन् तीच रेघ तू घरी आणली व्हय."

बिभीषण खाली बसला. त्याला रडू येत होतं आणि आमच्यासमोर ते येऊ द्यायचं नव्हतं. मी उगाच आभाळाकडं बघितलं.

तेवढ्यात कळपाच्या पलीकडून ज्ञानेश्वरी अनवाणी धावत आली. बापासमोर उभी राहिली. खाली बघितलं. खाली नुसते खूर उमटलेले, लेंड्या आणि थोडी पांढरी पूड. तिनं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. पोटात बातमी एवढी मोठी होती की तिचे कान लाल झाले. प्रांजलीनं माझा हात घट्ट धरला होता.

"पप्पा," ती म्हणाली, आणि बांध फुटला. "मेंढीला बेबी झालं. आत्ता. न्यू मटेरियल. लई ओलं हाय. मम्मी मेंढी चाटून चाटून क्लीनिंग करू राह्यली. टक् टक् केलं तर त्यानं माझ्याकडं बघितलं. मी टच नाय केलं. डू नॉट टच. पप्पा, त्याला गॉगल नाय."

बिभीषणचा हात सवयीनं वर गेला, चूक दाखवायला. मग तो हात त्यानं पोरीच्या डोक्यावर ठेवला. ज्या माणसानं पाच महिने दोन भाषांचा एकमेकींना विटाळ होऊ दिला नव्हता, तो नाक पुसत म्हणाला, "ओके हाय का रिजेक्ट?"

"पाय थरथरू राह्यले," ती म्हणाली. "पण रिजेक्ट नाय. उभं राह्यलं ते."

सोमवारी प्रांजली आबांजवळ थांबली आणि मी शाळेत गेलो, मोटारसायकलवर पोरीला मध्ये धरायला माणूस हवा म्हणून. मॅडमच्या खोलीत गेल्या वेळी नव्हती अशी एक गोष्ट होती. पालक मुलांना मागून उत्तरं सांगतात म्हणून शाळेनं फरशीवर पट्टी लावली होती आणि पाटी, 'पालकांनी रेषेमागे थांबावे'. पट्टी पिवळीच होती. बिभीषण रेषेमागे थांबला. नियम दिसला की त्याचे पाय आपोआप थांबतात.

मॅडमनी विचारलं, "व्हॉट इज युवर नेम?" पोरीनं मागं वळून बघितलं. तिला रेघ दिसली आणि रेघेपलीकडं बाप दिसला. कालचं रान कुठल्या कुठं गेलं. मान खाली गेली. मॅडम पेनाचं टोपण लावू लागल्या.

बिभीषणनं रेघेकडं बघितलं. त्याच्या कपाळावरची शीर मला दारातून दिसत होती. मग त्यानं एक पाय उचलला, रेघेपलीकडं टेकवला, दुसरा टेकवला, आणि सरळ जाऊन पोरीच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसला. शिपाई "अहो, अहो" करत होता.

"ज्ञानू," तो म्हणाला, "मॅडमला सांग, काल काय झालं."

पोरीनं सांगितलं. एकदा सांगितलं, मग कोकरू कसं उभं राहिलं ते स्वतः पडून, उठून दाखवलं. जन्म मराठीत झाला, तपासणी इंग्रजीत झाली, आणि कोकराला हाक मेंढक्यांच्या टकटकीत गेली. मॅडम टेबलावरून वाकून बघत होत्या.

"शी इज मिक्सिंग," त्या म्हणाल्या.

"येस मॅडम," बिभीषण म्हणाला. "मीपण मिक्सच हाय. नो प्रॉब्लेम. उत्तर बरोबर हाय तिचं."

मॅडमनी खुर्ची पुढं ओढली. मग पोरीला विचारलं, "कोकराचं नाव काय ठेवलं गं?" आणि पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

त्या संध्याकाळी वरून खरवडण्याचा आवाज आला म्हणून मी गेलो. बिभीषण पत्र्याच्या तुकड्यानं टेप उपटत होता. माझ्या फरशीवर किचनच्या तोंडाशी डिंकाचा काळा पट्टा उमटलेला. मल्हारराव खाटेवर पाय पसरून बसले होते. मी माझा सगळा आवाज लावून त्याला झापलं. तो उठून उभा राहिला आणि मला उलट बोलला, की काका, डिंक रॉकेलनं निघतो, पण तुमच्या मोटरीचा आवाज कशानं निघायचा ते सांगा. अर्धा तास आम्ही तिथंच, हॉलच्या मधोमध, मराठीत भांडलो. म्हाताऱ्यानं मध्ये दोनदा माझी बाजू घेतली आणि एकदा त्याची. ज्ञानेश्वरी दोघांच्या मध्ये उभी राहून आलटून पालटून आमच्या तोंडाकडं बघत होती. खाली तिनं एकदाही बघितलं नाही.